बेरीज आधी

अपघाताच्या दिवशीच्या बॅच शीटवर तनया टिपणीसची सही होती. सहीच्या वर तिच्याच अक्षरात एक ओळ होती: ५६० − १४० + ६०.

रोह्याजवळच्या त्या रसायनांच्या कंपनीत ती लॅबची प्रमुख होती. रिॲक्टरमध्ये बॅच सुरू करण्याआधी किती लिटर पाणी घालायचं, त्याचे आकडे लॅब द्यायची. त्या दिवशी एकूण पाचशे साठ लिटर लागणार होतं. त्यातलं एकशे चाळीस आधीच्या टप्प्यावरून येणाऱ्या ओल्या मालातच होतं, म्हणून ते वजा. साठ लिटर पाइपात अडकून राहणार, रिॲक्टरपर्यंत पोचणार नाही, म्हणून ते वाढवायचं. हे साठ नवीन होते. आधीची लाइन आखूड होती, तिच्यात पाणी राहत नसे, त्यामुळे शीटवर एवढे दिवस फक्त एक वजाबाकी असायची. नवी लांब लाइन टाकल्यावरची ही पहिली बॅच.

उत्तर मात्र ऑपरेटरने काढायचं आणि चौकटीत लिहायचं, अशी पद्धत होती. ती प्लँट हेड हैबतरावांनी घातली होती. आयतं उत्तर दिलं की माणूस डोळे मिटून व्हॉल्व्ह उघडतो, असं ते म्हणायचे.

साहिल म्हात्रेने चौकटीत ३६० लिहिलं आणि तेवढंच पाणी घातलं. आम्ल सोडायला सुरुवात झाल्यावर माल घट्ट झाला, आतलं ढवळणं अडखळलं, तापमान चढलं आणि झाकणाच्या फटीतून उकळता फेस बाहेर आला. साहिल झाकणाजवळच उभा होता. उजवा हात खांद्यापासून भाजला, मान भाजली, कानामागची कातडी गेली.

साहिल जवळच्या वरसे गावचा. कंत्राटावर होता, पण कामाला नीट, आणि कंपनी त्याला कायम करणार हे सगळ्यांना माहीत होतं. आता सगळं चौकशीवर आलं. चूक त्याची ठरली तर कंत्राटदार त्याला काढणार आणि पुढचे उपचार त्याचे त्याने बघायचे. शीट चुकीची ठरली तर तो कायम होणार, उपचार कंपनीकडे, आणि जबाबदारी तनयाची.

समितीत चौघं होते: हैबतराव, एचआरचा धनेश, कामगारांच्या बाजूने पुंडलिक आणि तनया. शीट माझीच आहे, मग मी समितीत कशी, असं तिने विचारलं होतं. “टेक्निकल माणूस कुणीतरी हवं ना, मॅडम,” हैबतराव म्हणाले होते.

पहिल्या बैठकीत हैबतरावांनी कोरा कागद ओढला. “आधी त्यानं काय करायला हवं होतं ते बघू. म्हणजे वाद नको.” त्यांनी पाचशे साठ लिहिलं, खाली एकशे चाळीस आणि साठ यांची बेरीज करून दोनशे लिहिलं, रेघ मारली आणि थांबले.

“तीनशे साठ,” ते म्हणाले. मग पुन्हा शीटकडे बघितलं. “पोरानं बरोबरच लिहिलंय की.”

“मंग मी सकालधरनं काय सांगतोय!” पुंडलिक खुर्चीत पुढे सरकला. त्याच्या हातातल्या कागदावरही तीनशे साठच होतं. “पोरगा बरोबर हाय, सायेब. शीटच येडी हाय.”

“उत्तर चारशे ऐंशी आहे,” तनया म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे बघितलं. ती बैठकांमध्ये फारसं बोलायची नाही.

धनेशने मोबाइलवर आकडे टाकले. “साहेब, यातही चारशे ऐंशीच येतंय.”

“मोबाइलला काय कळतंय?” हैबतराव हसले. “अकाउंट्समधला कॅल्क्युलेटर आण आणि दोन अधिक तीन गुणिले चार कर. वीस दाखवतो. खरं उत्तर चौदा. का? कारण ते यंत्र समोर येईल तसं करत जातं. नियम आपल्याला माहीत असतात, यंत्राला नाही.”

त्यांचं उदाहरण खरं होतं. तनयाला ते नाकारता येईना, आणि त्या खऱ्या उदाहरणाच्या आधारावर ते चुकीच्या उत्तरावर ठाम उभे होते.

“गुणाकाराचं तसं आहे,” ती म्हणाली. “तो बेरजेच्या आधीच करायचा. पण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत. त्या दोघींत आधी-नंतर नाही. डावीकडून जी आधी येईल ती आधी.”

“मॅडम, तुम्ही मराठी शाळेत होता का इंग्रजी?”

“मराठी.”

“मग कंचेभागुबेव नाही शिकवलं तुम्हाला?”

पुंडलिकने मान डोलावली, जशी देवळात आरतीचा आपला शब्द आला की डोलावतात. “कंस, चे, भागाकार, गुनाकार, बेरीज, वजाबाकी. आमच्या गुरुजींनी मारून मारून पाठ करून घेतलंय. बे आधी, व मागून. त्यात काय डोकं चालवायचं?”

“पुंडलिकदादा, एक सांगा,” तनया म्हणाली. “रोह्याहून पेणला एसटी निघाली. आत छप्पन्न माणसं. नागोठण्याला चौदा उतरली आणि सहा चढली. किती झाली?”

“अठ्ठेचालीस. त्यात काय!”

तिने कागदावर लिहिलं: ५६ − १४ + ६. “आणि हे?”

पुंडलिकचे ओठ हलले. “चौदा नि सहा ईस… छत्तीस.”

पुंडलिकने एकदा कागदाकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर काहीतरी उमटलं होतं, पण त्याने हैबतरावांकडे बघितलं आणि ते तिथेच राहिलं.

“बसची गोष्ट वेगळी, मॅडम,” हैबतराव म्हणाले. “तिथं माणसं चढतात-उतरतात. इथं गणित आहे.”

“इथं पाणी चढतं-उतरतं, सर.”

“ते तुमच्या लॅबच्या भाषेत. कागदावर आलं की त्याला कागदाचा नियम.”

धनेशने मोबाइल टेबलावर उलटा ठेवला आणि इतिवृत्त लिहायला घेतलं. शीटवरील सूत्र सदोष असल्याचे प्रथमदर्शनी दिसते. ऑपरेटरने नियमानुसार आकडेमोड केली आहे. तनया त्याच्या पेनाकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, पण त्याच्या आधी दुसरंच लक्षात आलं होतं: या चुकीच्या उत्तरामुळे साहिल सुटत होता.

बाहेर पडताना पुंडलिक तिच्याजवळ आला. “तुमच्यावर राग नाय, मॅडम. तुम्हाला एक मेमो येईल, मंग जाईल. त्या पोराला दुसरं काय हाय?”

ते खरंच होतं. मेमो तिला झेपला असता.

* * *

पेणला घरी पोचली तेव्हा अण्णा ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. समोरच्या गणपतीच्या कारखान्यातल्या पांढऱ्या, रंग न दिलेल्या मूर्ती गल्लीभर वाळत होत्या, आणि अण्णांचं नेहमीप्रमाणे लक्ष कारागिरांच्या कामावर होतं. अण्णा म्हणजे तिचे वडील, रघुनाथ टिपणीस. तालुक्यातल्या शाळांमधून गणित शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बाजारात अजून कुणीतरी वाकून नमस्कार करायचं.

तिने चपला काढायच्या आधी विचारलं, “अण्णा, पाचशे साठ वजा एकशे चाळीस अधिक साठ. लिहिलेलं असं समजा.”

“तीनशे साठ.”

“कसं?”

“कसं म्हणजे? कंचेभागुबेव.” त्यांनी चष्मा वर केला. “काय गं, थट्टा करतेस का?”

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिचं स्वतःचं एक उदाहरण असंच चुकलं होतं, तेव्हा तिथल्या बाईंनी दोन वाक्यांत ते सुधारून दिलं होतं. त्या दिवशी घरी येऊन तिने अण्णांना ते सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

“बे आणि व बरोबरीचे असतात, अण्णा. भा आणि गु सुद्धा. ओळीत जे आधी येईल ते आधी.”

“मग बेव का म्हणतात? वबे का नाही?”

“काहीतरी एक आधी म्हणावंच लागतं.”

अण्णा म्हणाले, “एवढी वर्षं शिकवलं मी. साहेब तपासणीला येऊन गेले. मुलं स्कॉलरशिपला बसली. एकानेही म्हटलं नाही की टिपणीस गुरुजी, उत्तर चुकलं.”

“कारण पुस्तकातल्या उदाहरणांत बहुतेक वेळा अधिक आधी असतं आणि वजा नंतर. बारा अधिक आठ वजा पाच. तिथे कसंही केलं तरी पंधराच येतात. नियम चुकीचा असला तरी उत्तर बरोबर येतं, आणि उत्तर बरोबर आलं की नियम पक्का होतो. वजा आधी आलं की मगच फसतो.”

“आणि तसं आलं तर?”

“तर तुम्ही चूक द्यायचात, अण्णा. ज्याचं बरोबर त्याला.”

हे बोलायला नको होतं, असं बोलून झाल्यावर तिला वाटलं. अण्णांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. समोर एक कारागीर मूर्तीच्या सोंडेवरून ओला ब्रश फिरवत होता.

“समोरच्यांची मुलं येतात संध्याकाळी शिकायला,” ते म्हणाले. “त्यांना काय सांगू?”

“खरं ते सांगा.”

“आणि मागच्यांना? ते कुठे कुठे गेले असतील, त्यांना कोण सांगणार?”

अण्णा उठले. “तुझं बरोबर असेल,” ते आत जाता जाता म्हणाले. “पण मला हे आता सांगायला नको होतंस.” त्या संध्याकाळी मुलं आली तेव्हा त्यांनी आतूनच, डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

* * *

साहिलला रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. हात कापसात आणि जाळीत गुंडाळलेला, मान एका बाजूला कललेली. उशाशी त्याची आई, गोदूबाई, प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती. तिने तनयाला बसायला स्टूल दिलं आणि स्वतः भिंतीला टेकली.

“बाय, तुमीच लॅबच्या काय?”

“हो.”

“मंग याला सांगून टाका. डोला लागला की उठतो नि तेच इचारतो.”

“पुंडलिकदादा येऊन गेले,” साहिल म्हणाला. ओठांच्या कडेला भाजल्यामुळे त्याचे शब्द जाड येत होते. “बोलले, माजं बरोबर निघालं. व्हय ना, मॅडम?”

“पाणी कमी पडलं, साहिल.”

“ते पडलंच. पण गणित?” तो थांबला. “मी दोनदा केलं. घाईत नाय केलं. कंचेभागुबेव घातलं नि केलं. तुम्ही सायन्सवाल्या, तुम्ही सांगाल ते खरं.”

खोटं बोलणं सोपं होतं. त्याने तेच मागितलं होतं, आणि कागदावरही आत्ता तेच लिहिलेलं होतं. पण तिला त्याच्या हातावरची जाळी दिसत होती, आणि बरा झाल्यावर हा माणूस पुन्हा असंच चौकटीत उत्तर लिहिणार, हेही.

“माझे वडील गणिताचे शिक्षक होते,” ती म्हणाली. “परवा मी त्यांना हेच विचारलं. त्यांनीही तीनशे साठच सांगितलं. आमच्या साहेबांनीही.”

साहिलने डोळे मिटले. तो हुशार होता. “म्हंजे चूकच हाय.”

“शिकवताना चूक झाली. तुला, त्यांना, सगळ्यांनाच. तुझ्या एकट्याची नाही.”

“एकट्याची नाय, असं रिपोर्टात लिवतात काय?”

“मी लिहीन,” तनया म्हणाली.

गोदूबाई भिंतीपासून पुढे आली. “म्हंजे तो सुटला का नाय, बाय? मला त्यातलं काय समजत नाय.”

“मी लिहीन,” तिने पुन्हा सांगितलं.

* * *

तरी तिने काही लिहिलं नसतं. इतिवृत्त तसंच राहिलं असतं, मेमो आला असता, साहिल कामावर परतला असता आणि तिने त्याला एका बाजूला घेऊन नीट समजावलं असतं. तिने मनाशी तसंच ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी प्लँटमध्ये दोन्ही रिॲक्टरांजवळ नोटीस चिकटवलेली होती. खाली धनेशची सही. सर्व ऑपरेटर्सना कळविण्यात येते की शीटवरील आकडेमोड करताना प्रथम बेरीज व नंतर वजाबाकी करावी.

दुसऱ्या रिॲक्टरवर एक जुना ऑपरेटर होता. शाळा अर्धवट सोडलेला. त्याला कंचेभागुबेव माहीत नव्हतं. तो आपला ओळीने करत जायचा, आणि त्या रिॲक्टरच्या शीटवर वजा-अधिक दोन्ही असूनही आजवर काही बिघडलं नव्हतं. तो नोटिशीपुढे उभा होता.

“मॅडम, मी इतके दिवस चुकीचं करत व्हतो काय?”

त्याच्या शीटवर आम्लाचा हिशेब होता. त्याने आधीचं उत्तर खोडून नोटिशीप्रमाणे नवं लिहिलं होतं. तनयाने ते बघितलं आणि शीटवर हात ठेवला.

“नाही. तुमचं बरोबर होतं. पहिलं उत्तर घाला. थांबा, मी येईपर्यंत काहीच घालू नका.”

ती सरळ हैबतरावांच्या केबिनमध्ये गेली.

“या, या. मी बोलावणारच होतो.” ते उठून उभे राहिले, हे त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. “मॅडम, मानलं तुम्हाला. पुतण्या माझा पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, त्याला विचारलं. वर हेड ऑफिसलाही विचारलं. चारशे ऐंशीच. तुम्ही बरोबर होता.”

“सर, ती नोटीस आधी काढायला सांगा. आत्ता.”

त्यांनी लगेच फोन उचलला आणि सांगितलं. तिच्या समोर. तनया खुर्चीत बसली. क्षणभर तिला त्यांच्याबद्दल आदरही वाटला.

“आता एक करा,” हैबतराव म्हणाले. “हेच मला लेखी द्या. लॅब प्रमुख म्हणून अभिप्राय. शीटवरच्या आकड्यांचं योग्य उत्तर चारशे ऐंशी, बस्स. हेड ऑफिसला आजच पाठवायचंय.”

मग तिला कळलं. “आणि साहिल?”

“तो विषय वेगळा.”

“तोच विषय आहे, सर.”

“मॅडम, तुमचं उत्तर बरोबर आहे की नाही?”

“आहे.”

“मग बरोबर आहे ते लिहायला काय हरकत? दोन दिवस तुम्हीच ओरडून सांगत होता.”

ती ओरडली नव्हती. पण न लिहावं तर नोटीस पुन्हा लागायला वेळ लागणार नव्हता. खाली तो जुना ऑपरेटर हातात पेन घेऊन उभा होता. तिने कागद घेतला आणि दोन परिच्छेद लिहिले. पहिल्यात लिहिलं की योग्य उत्तर ४८० आहे, आणि का. दुसऱ्यात लिहिलं की समितीतल्या चार सुशिक्षित माणसांपैकी दोघांनी, प्लँट हेडसह, स्वतंत्रपणे ३६० हेच उत्तर काढलं. अशी चूक शाळेत शिकवलेल्या सूत्रामुळे सर्रास होते. जी ओळ बहुतेक माणसं चुकीची वाचतात ती कंस न घालता देणं ही लॅबची त्रुटी आहे. ऑपरेटरला जबाबदार धरता येणार नाही. खाली सही केली.

हैबतरावांनी वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाशी त्यांचं बोट रेंगाळलं. “हे कशाला? स्वतःलाच अडकवताय.”

“ते खरं आहे म्हणून.”

“बरं, राहू दे,” ते म्हणाले आणि हसले.

पुढच्या बैठकीत धनेशने अहवाल वाचून दाखवला. लॅब प्रमुखांच्या लेखी अभिप्रायानुसार शीटवरील आकड्यांचे योग्य उत्तर ४८० असून ऑपरेटरने निष्काळजीपणे ३६० लिटर पाणी घातल्याचे सिद्ध होते. सोबत अभिप्राय जोडला आहे. जोडलेल्या कागदावर पहिला परिच्छेद टाइप केलेला होता.

“दुसरा भाग कुठे आहे?” तनयाने विचारलं.

“तो विषयाला धरून नव्हता, मॅडम.”

“साहेबांनी पहिल्या दिवशी कागदावर गणित केलं होतं. तो कागद?”

“तो रफ होता,” धनेश म्हणाला. तो तिच्याकडे बघत नव्हता. “रफ आपण ठेवत नाही.”

पुंडलिक उठून उभा राहिला. “आवो, या खोलीत तुम्हीच केलं व्हतं ना, सायेब, तीनशे साठ? माज्या डोल्यादेखत?”

“माणूस चुकतो, पुंडलिक,” हैबतराव शांतपणे म्हणाले. “पण मी काय रिॲक्टरवर उभा नव्हतो.”

“मी या अहवालावर सही करणार नाही,” तनया म्हणाली.

धनेशने पहिल्यांदा वर बघितलं. त्याचा आवाज मऊ होता, जवळजवळ काळजीचा. “तुमची सही आहेच, मॅडम. अभिप्रायाखाली.”

जिन्यात पुंडलिकने तिला गाठलं. ती काही बोलायच्या आधी तो म्हणाला, “आलं ना तुमचं गणित बरोबर? मंग झालं तर.” आणि दोन पायऱ्या एकदम उतरत निघून गेला. दुसरा परिच्छेद तिने लिहिला होता, हे त्याला सांगावंसं तिला वाटलं. पण जो कागद कुठेच नाही तो लिहिला होता असं कुणाला सांगायचं?

* * *

साहिलला कंत्राटदाराने काढलं. तो आता पेणजवळच्या जिते गावात मामाच्या गणपतीच्या कारखान्यात बसतो, असं कुणीतरी सांगितलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून डाव्या हाताने पॉलिश पेपर धरून साच्यातून निघालेल्या मूर्ती घासतो. तनयाने दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्याने उचलला नाही. दुसऱ्यांदा गोदूबाईने उचलला, कोण बोलतंय ते ऐकून घेतलं, आणि फोन ठेवला.

कंपनीत ऑपरेटरांसाठी गणिताचं प्रशिक्षण झालं. अधिकाऱ्यांना ते सक्तीचं नव्हतं. धनेशने फळ्यावर ५६० − १४० + ६० लिहून सगळ्यांकडून चारशे ऐंशी, चारशे ऐंशी असं म्हणवून घेतलं आणि हजेरीवर सह्या घेतल्या.

तनयाने शीटचा नवा नमुना करून हैबतरावांकडे नेला. एकच फरक होता: पहिल्या दोन आकड्यांभोवती कंस.

त्यांनी तो परत सरकवला. “आत्ता नाही, मॅडम. तो पोरगा लेबर कोर्टात जायची भाषा करतोय. आपण कंस घातला, की आधीची शीट चुकीची होती असं आपणच कबूल केल्यासारखं होतं.”

“आणि पुन्हा कोणी चुकलं तर?”

“प्रशिक्षण झालंय ना?”

म्हणून प्रत्येक बॅचच्या वेळी ती स्वतः खाली जाते. साहिलच्या जागी आलेला ऑपरेटर पन्नाशीचा आहे, शांत, चष्मा लावणारा. एके दिवशी शीटवर ६०० − १५० + ५० होतं; पाइपात अडकणारं पाणी नव्याने मोजल्यावर साठाचं पन्नास झालं होतं. त्याने पेन उघडलं, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि चौकटीत ४८० लिहिलं.

“हे कुठून आलं?” तिने विचारलं.

“ट्रेनिंगला सांगितलं ते, मॅडम. चारशे ऐंशी.”

“आजचे आकडे वेगळे आहेत.”

“व्हय?” त्याने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. “मंग… दीडशे नि पन्नास दोनशे. चारशे.”

“पाचशे,” ती म्हणाली. “सहाशेतनं दीडशे गेले, मग पन्नास आले.”

“पाचशे,” त्याने लिहिलं. वाद घातला नाही. “तुम्ही हायत म्हणून बरं हाय. नसाल त्या दिवशी काय करायचं?”

तनयाने त्याच्या हातातून पेन घेतलं. ६०० च्या आधी एक आणि १५० च्या नंतर एक, असे दोन कंस काढले. साधे, शाळेत काढतात तसे. “हे दिसलं की आधी आतलं करायचं. मग बाहेरचं. हे तुम्हाला येतं.”

“येतं की. कंस पयला.” तो शीटकडे बघत राहिला. मग जरा अवघडून म्हणाला, “पण मॅडम, शीटवर आकडे नि चिन्हांच्या वर जादा काय लिवायचं नाय. सायेबांनी सांगितलंय. जादा लिवलेली शीट धरत नायत.”

त्याने कोरी शीट काढली, खाली बसला, आणि सुवाच्य अक्षरात तिन्ही आकडे, एक वजाचं आणि एक अधिकचं चिन्ह तिच्यावर उतरवून घेतलं. कंस असलेली शीट त्याने चार घड्या घालून रद्दीच्या डब्यात टाकली, आणि सहीसाठी नवी तिच्यापुढे धरली.